शिक्षक घडवण्याचा खर्च

शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्च तीन ठिकाणी होतो. एक भाग शुल्काचा. तो महाविद्यालयाच्या पावतीवर दिसतो. दुसरा राहण्या-जेवण्याचा, एसटीच्या पासाचा, तक्ते आणि पाठटाचण वह्यांचा. तिसरा कुठल्याच पावतीवर येत नाही: प्रशिक्षण चालू असताना उमेदवाराची जी मिळकत बुडते, ती. घरची शेती, खासगी शिकवणी किंवा दुकानातली नोकरी सोडून डी.एड. वा बी.एड.ला बसणाऱ्याच्या बाबतीत हा तिसरा आकडा पुष्कळदा पहिल्या दोहोंपेक्षा मोठा भरतो. मदतीच्या योजना आखताना मात्र तो सहसा धरला जात नाही.

हे नेहमीच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकणाऱ्या होतकरू मास्तराला दरमहा स्टायपेंड मिळे. ती रक्कम पोटासाठी होती, फीसाठी नव्हे. आज चित्र जवळजवळ उलटे आहे. शुल्काचा भार हलका करणाऱ्या योजना अनेक आहेत. पोटापाण्याची तजवीज त्यांत जेमतेम आहे. हा बदल कसा झाला आणि त्यामुळे शिक्षकाच्या खुर्चीपर्यंत कोण पोचते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय.

स्टायपेंडच्या पद्धतीचे मूळ इंग्लंडात आहे. जेम्स के-शटलवर्थ याच्या पुढाकाराने १८४६ साली तिथल्या शिक्षण समितीने जे ठराव केले, त्यांनुसार तेरा वर्षांचा हुशार मुलगा वा मुलगी शाळेतल्या मुख्य शिक्षकाच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करी. पहिल्या वर्षी त्याला १० पौंड मिळत, पाचव्या वर्षी २०. पुढे स्पर्धापरीक्षेतून राणीची शिष्यवृत्ती मिळाली की ट्रेनिंग कॉलेजातला खर्च भागे, आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकाच्या पगारात सरकार भर घाली. उमेदवारी, प्रशिक्षण आणि नोकरी या तिन्ही टप्प्यांवर पैसा एकाच हाताने दिला जाई. गरीब घरच्या मुलाला तेराव्या वर्षी कामाला जुंपण्याऐवजी शाळेत ठेवणे आईबापांना परवडावे, असा त्यामागचा रोखठोक हिशेब होता.

१९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने हीच पद्धत हिंदुस्थानात आणण्यास सांगितले. प्रत्येक इलाख्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळा लवकरात लवकर काढाव्यात आणि तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्यात पैशाचा प्रश्न काही वर्षांतच एका पट्टीने सुटला. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला मिळू लागला. गावोगावच्या मराठी शाळा या पैशावर वाढल्या. ही पट्टी भरणारा प्रामुख्याने शेतकरी होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. कारण पुढचा सगळा वाद त्याच पैशावरून उभा राहिला.

तो वाद जोतीराव फुले यांनी मांडला. हंटर शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी दिलेले निवेदन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीसाठी ओळखले जाते. शिक्षकांबद्दलचा त्यातला भाग तेवढ्याच बारकाईने वाचण्याजोगा आहे. खेड्यापाड्यांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, पगार तुटपुंजा आहे आणि बरेच जण प्रशिक्षण न घेतलेले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. शेतकरी जातींमधून शिक्षक तयार करावेत, त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, ते लोकांत मिसळणारे आणि हाताच्या कामाची लाज न बाळगणारे असावेत, असे त्यांनी सुचवले. त्याच दमात पगाराचा आकडाही दिला: प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्यावेत. प्रशिक्षणाची मदत आणि प्रशिक्षणानंतरचा पगार ही एकच गोष्ट आहे, हे ज्या स्पष्टपणे जोतीरावांना दिसले तेवढे नंतरच्या बऱ्याच समित्यांना दिसलेले नाही.

याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी एक परिच्छेद आहे आणि तो आजही झोंबतो. स्पर्धेने शिष्यवृत्ती वाटण्याची रीत वरवर न्याय्य भासते, पण तिच्यामुळे शिक्षण ज्यांच्यात आधीच रुजले आहे त्यांच्याच पदरात पैसा पडतो. तेव्हा काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे. ट्रेनिंग कॉलेजालाही हे लागू होते. तिथल्या प्रवेशासाठी मराठी शाळेच्या वरच्या इयत्ता पार केलेल्या असाव्या लागत. कुणब्याचा मुलगा त्याआधीच गुरांमागे किंवा नांगरामागे गेलेला असे. त्यामुळे कॉलेजात मिळणारा स्टायपेंड कितीही उदार असला तरी त्याच्यापर्यंत तो पोचत नव्हता. ज्याच्या बापाने लोकल फंड भरला त्याच्या पैशावर दुसऱ्याचा मुलगा मास्तर होऊन त्याच्याच गावी येत होता. मदत कोणत्या टप्प्यावर दिली जाते यावर ती कुणाला मिळते हे ठरते, ही गोष्ट इथे पहिल्यांदा आकडेवारीच्या नव्हे तर अनुभवाच्या बळावर मांडली गेली.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. मेरी कार्पेंटर यांच्या १८६६ च्या भेटीनंतर शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला जोर आला आणि १८७० मध्ये पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पण प्रशिक्षण घेतलेली तरुण बाई परगावच्या शाळेत एकटी कशी राहणार? गावात तिला घर कोण देणार, आणि दिले तर लोक काय म्हणणार? सरकारने यावर काढलेला तोडगा मोठा व्यवहारी होता: मास्तरांच्या बायकांनाच शिकवायचे. नवरा-बायको दोघेही प्रशिक्षित, दोघांची नेमणूक एकाच गावी. हंटर आयोगाने मास्तरांच्या पत्नी आणि योग्य अशा विधवा यांना या पेशात येण्यासाठी खास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. त्याच आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी शिक्षिकांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक असावा आणि शिकणाऱ्या स्त्रियांची राहण्याची सोय कॉलेजच्या आवारातच व्हावी, असे सांगितले. पगार अधिक का, तर या बाईला समाजात मान मिळवून उभे राहायचे आहे म्हणून. हा मुद्दा सरकारी कागदात तसाच राहिला.

विधवांच्या बाबतीत खरे काम सरकारपेक्षा खासगी संस्थांनी केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात उभे राहिलेले सेवासदन, या दोन्ही ठिकाणी शिक्षिका होणे हा विधवेच्या स्वावलंबनाचा सर्वांत जवळचा रस्ता होता. तिथे मिळणारी मदत निव्वळ शुल्कमाफीची नव्हती. अंथरूण-पांघरूण, जेवण, वह्या-पुस्तके आणि सासर-माहेर दोन्हीकडून तुटलेल्या बाईला राहायला सुरक्षित जागा, असा सगळा भार संस्था उचलत. त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव वर्गणी मागत हिंडत. या संस्थांतून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी मराठी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च बऱ्याच अंशी चार-आठ आणे देणाऱ्या मध्यमवर्गीय घरांनी उचलला होता.

सातारची हकीकत याहून वेगळी. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. वसतिगृहाचे धान्य मुष्टिफंडातून येई. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. अडचणीच्या वेळी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने विकून मुलांना जेवू घातल्याचे सर्वश्रुत आहे. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. आज ते महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले जाते. १९४२ मध्ये स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले आणि १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन.

भाऊरावांच्या पद्धतीचे मर्म क्रमात आहे. त्यांनी आधी वसतिगृह काढले, प्रशिक्षण कॉलेज नंतर. बोर्डिंगात राहून, सकाळी शेतात किंवा बांधकामावर राबून, दुपारी वर्गात बसणारा मुलगा व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत टिकला. तोच पुढे ट्रेनिंगला गेला. आणि तोच संस्थेच्या व्हॉलंटरी शाळेत, बहुधा शाळा म्हणून देवळाची ओसरी मिळालेल्या एखाद्या वाडीत, मास्तर म्हणून रुजू झाला. अशा शेकडो शाळा संस्थेने चालवल्या. जोतीरावांनी दाखवलेली फट, म्हणजे ट्रेनिंग कॉलेजच्या दारापर्यंतच न पोचणारा शेतकऱ्याचा मुलगा, ती नेमकी इथे बुजवली गेली. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. श्रमाने भागत होता तो जेवण्या-राहण्याचा खर्च. आणि तो भागू शकला याचे कारण शिक्षणाचे शुल्क त्या काळी फारसे नव्हतेच. आजच्या विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या तासाच्या मानधनातून भरता येईल, अशी समजूत करून घेणे ही भाऊरावांची थट्टाच आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास मदतीची दुसरी वाट उघडली. १९४४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती कुठल्या एका पेशासाठी नव्हती. मॅट्रिकच्या पुढे जे काही शिकायचे त्यासाठी होती. दलित घरांतून शिक्षकांची पहिली मोठी पिढी तयार झाली त्यात या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहांचा वाटा निर्विवाद आहे. मात्र याच काळात मदतीचे तत्त्व बदलू लागले. जुना स्टायपेंड मिळत होता तो उमेदवार शिक्षक होणार म्हणून. नवी शिष्यवृत्ती मिळू लागली ती उमेदवार अमुक प्रवर्गातला आणि अमुक उत्पन्नाच्या आतला म्हणून. दोन्ही तत्त्वे आपापल्या जागी रास्त आहेत. दुसरे आले म्हणून पहिले जाण्याचे कारण नव्हते. ते मात्र हळूहळू गेले.

कोठारी आयोगाला याची जाण होती. १९६६ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालाने प्रशिक्षण संस्थांतील सर्व शिक्षणशुल्क रद्द करावे आणि प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन व कर्ज यांची भरघोस सोय करावी, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातला होतकरू मुलगा कुठे अडतो हे त्यांना दिल्लीत बसूनही कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अहवालातला शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचा आकडा प्रत्येक भाषणात येतो. प्रशिक्षणाचे शुल्क रद्द करण्याची ओळ क्वचितच कुणी काढतो.

प्रत्यक्षात उलटेच घडले. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडले आणि पुढच्या दोन दशकांत अध्यापक विद्यालयेही त्याच वाटेने गेली. दोन हजारच्या दशकात राज्यातल्या डी.एड. विद्यालयांची संख्या हजारावर गेली. बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, या भरवशावर शेती गहाण टाकून मुलामुलींचे प्रवेश झाले. २ मे २०१२ च्या शासननिर्णयाने शिक्षकभरती थांबली आणि तो भरवसा कोसळला. त्यानंतर विद्यालयांच्या जागा रिकाम्या पडू लागल्या, विद्यालये धडाधड बंद झाली. याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक-शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला होता, आणि त्याला निमित्त झाले होते महाराष्ट्रातल्याच २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण. देशातल्या सेवापूर्व प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के खासगी आहेत, असे या आयोगाने नोंदवले. जे काम सरकारने स्टायपेंड देऊन आपल्या कॉलेजात सुरू केले होते, ते दीडशे वर्षांनी जवळजवळ पूर्णपणे शुल्क घेणाऱ्या संस्थांच्या हाती गेले होते.

त्यानंतर २०१५ पासून बी.एड.ची मुदत एका वर्षाची दोन वर्षे झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, वर्गातली हजेरी ८० टक्के, छात्रसेवाकालातली हजेरी ९० टक्के, आणि प्रत्यक्ष शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा. शैक्षणिक दृष्ट्या हे सगळे योग्यच आहे. एका वर्षात शिक्षक घडत नाही. पण मुदत दुप्पट करताना बुडणारी मिळकत दुप्पट झाली, तिची भरपाई कुणी करायची, हा प्रश्न नियमांत कुठेच नाही. ९० टक्के हजेरी सांभाळून दिवसाची नोकरी होत नाही. संध्याकाळच्या शिकवण्या तेवढ्या उरतात.

सध्याच्या मदतीचे स्वरूप समजून घ्यायचे तर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा एक अर्ज पाहणे पुरेसे आहे. अनुसूचित जातीतला, घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेला, पदवीनंतर तीन-चार वर्षे खासगी शाळेत राबून बी.एड.ला आलेला उमेदवार धरला, तर त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातपडताळणी प्रमाणपत्र, आधीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे वाटपपत्र आणि मधल्या वर्षांच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र एवढे कागद लागतात. बँकखाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याण कार्यालयाच्या. कुठे एक कागद पुसट आला, तर अर्ज मागे फिरतो आणि उमेदवाराला त्याचा पत्ता कधी कधी मुदत संपताना लागतो. खंडाचे प्रतिज्ञापत्र हे बी.एड.वाल्यांचे खास दुखणे आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी बारावीतून सरळ येतो. शिक्षक होऊ पाहणारा बहुधा आधी कमावून, लग्न करून, कधी लेकराला आईकडे ठेवून येतो. योजना आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेला विद्यार्थी अठरा वर्षांचा, सलग शिकणारा आणि घरच्यांवर अवलंबून असलेला असतो.

पैसे आले की त्यांचे दोन भाग होतात. २०२१ च्या सुधारित नियमांपासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली शुल्काची रक्कम त्याने सात दिवसांत महाविद्यालयाला भरायची असते; राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगळा येतो. दोन हिस्से एकाच वेळी येतीलच असे नाही. राज्याचा हिस्सा रेंगाळला की संस्था विद्यार्थ्याच्या मागे लागते; त्याची मूळ कागदपत्रे किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र अडवू नये, असे आदेश असतात, आणि तरी ते अडवल्याच्या तक्रारी येत राहतात. निर्वाहाचा भाग किती, तर या नियमांत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. वसतिगृहात राहणाऱ्याला गटानुसार वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला २,५०० ते ७,०००. सर्वांत वरच्या दराचा महिना काढला तरी तो १,१२५ रुपये पडतो. पुण्यात एका वेळच्या डब्याचाही महिना त्यात निघत नाही.

इतर योजनांचा आढावा थोडक्यात पुरेल. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना निम्मे शिक्षणशुल्क देते. जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला असावा, ही अट आहे. संस्थास्तरावरच्या जागेवर बसलेल्या मुलीला ती भोवते, आणि ऐनवेळी घाईने प्रवेश घेणारीला हे आधी कुणी सांगितलेले नसते.

निर्वाहाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी योजना म्हणजे २०१६-१७ पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते, लहान शहरांत त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी आधार या योजना याच धर्तीवर आहेत. खेड्यातला उमेदवार दोन वर्षे शहरात राहू शकेल, असा विचार यांत आहे. त्यांचे हप्ते वेळेवर आले तर या योजना गुणवत्तेच्या कुठल्याही पारितोषिकापेक्षा जास्त शिक्षक घडवतील.

उरते कर्ज. बी.एड.च्या बाबतीत ते कागदावर सोपे वाटते, कारण रक्कम लहान असते आणि चार लाखांपर्यंत तारणाची गरज नसते. पण कर्जाचा हिशेब पुढच्या पगारावर चालतो आणि इथला पगार म्हणजे शिक्षणसेवकाचे मानधन. २००० साली सुरू झालेल्या या पद्धतीत निवड झालेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ठरावीक रकमेवर काम करावे लागते. २०१२ पासून दशकभर प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० असे दर होते. २०२३ मध्ये ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. ही वाढ मोठीच म्हणायची. पण तिथवर पोचण्यासाठी आधी शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची प्रतीक्षा. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत पदवी घेतलेल्याने कर्जाचा हप्ता कशातून भरायचा? त्यात ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.धारकांना प्राथमिक शिक्षकपदासाठी अपात्र ठरवले. पहिली ते पाचवीला डी.एड.च हवे, हे तत्त्वतः बरोबर आहे. फक्त त्या जागांच्या आशेवर दोन वर्षांचे शुल्क भरलेल्यांचा खर्च बुडीत खाती गेला.

परदेशांत याचे उत्तर बहुधा सेवेच्या अटीत शोधले जाते. सिंगापुरात प्रशिक्षणार्थीला शिक्षण मंत्रालय आधीच नेमणूक देते, प्रशिक्षणकाळात पगार देते आणि त्याबदली काही वर्षे सेवेचा करार लिहून घेते. दक्षिण आफ्रिकेच्या फुन्झा लुशाका योजनेत जितकी वर्षे शिष्यवृत्ती तितकी वर्षे सरकारी शाळेत नोकरी. अमेरिकेतली ‘टीच’ अनुदानाची योजना २००७ च्या कायद्याने आली: वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मदत, आणि शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षे गरीब वस्तीतल्या शाळेत टंचाईचा विषय शिकवण्याची अट. अट मोडली तर सगळी रक्कम पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासह कर्ज ठरते. कल्पना उत्तम, घात केला तो कागदाने. दरवर्षी ठरल्या तारखेला प्रमाणपत्र पाठवायचे असे. प्रत्यक्षात गरीब शाळेत शिकवणाऱ्या हजारो शिक्षकांची अनुदाने निव्वळ फॉर्म उशिरा पोचल्यामुळे किंवा त्यात सही राहिल्यामुळे कर्जांत बदलली गेली. मोठा गवगवा झाल्यावर २०१९ मध्ये अशी प्रकरणे पुन्हा उघडावी लागली. महाडीबीटीवर मागे फिरलेला अर्ज आणि हे प्रकरण यांचे गोत्र एकच आहे.

सेवेचा करार करून घ्यायचा तर करार घेणाऱ्याने नोकरीची हमी द्यावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने नेमके तेच म्हटले आहे: विशेषतः ग्रामीण भागातल्या गुणी विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी खास शिष्यवृत्ती द्यावी आणि अभ्यासक्रम संपल्यावर त्यांच्याच भागात नोकरीला प्राधान्य द्यावे. शिष्यवृत्ती आणि नेमणूक यांची गाठ धोरणाच्या पातळीवर इथे पुन्हा बांधली गेली. २०२३-२४ पासून हा चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडक संस्थांत सुरूही झाला. शिष्यवृत्तीची तरतूद मात्र अभ्यासक्रमाच्या वेगाने पुढे सरकलेली नाही. आणि शिष्यवृत्ती नसेल तर चार वर्षांचे शुल्क परवडणाराच त्यात येईल, हे सांगायला आयोगाची गरज नाही.

तोवर एक गोष्ट राज्याला एका शासननिर्णयाने करता येण्यासारखी आहे: छात्रसेवाकालाच्या वीस आठवड्यांचे विद्यावेतन. या काळात छात्राध्यापक नुसते पाठनिरीक्षण करत नाहीत. शिक्षक रजेवर असला की त्याचा तास त्यांच्याकडे येतो. परिपाठ, स्नेहसंमेलनाची तयारी, उत्तरपत्रिकांची बेरीज आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी हेही येते. जिथे पदे रिकामी आहेत तिथे काही आठवडे वर्ग अक्षरशः त्यांच्यावर चालतो. हे काम आहे आणि शाळेला त्याचा लाभ होतो. विद्यावेतन सर्व प्रवर्गांना, उत्पन्नाचा दाखला न मागता, हजेरीपटावरून द्यावे. म्हणजे तहसील कार्यालयाची एक फेरी तरी वाचेल. गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातली शाळा निवडणाऱ्याला ते जास्त असावे आणि राहण्याची सोय जिल्हा परिषदेने करावी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आंतरवासितेच्या वर्षात सरकार दरमहा विद्यावेतन देते. बी.एड.च्या छात्राध्यापकाला छात्रसेवाकालात आज एक रुपयाही मिळत नाही. शाळेत जाण्या-येण्याचे एसटीचे भाडेही तोच भरतो.